दीड वर्षाच्या लेकराला भूल द्यायची का? डोळ्याच्या नळीचं ऑपरेशन ठरवताना

आमच्या लेकीचा डावा डोळा जन्मल्यापासून गळायचा. रडत नसतानाही गाल ओला. सकाळी पापण्या चिपडांनी अशा चिकटलेल्या असायच्या की कोमट पाण्याचा कापूस फिरवल्याशिवाय डोळा उघडायचाच नाही. वर्ष उलटलं, चौदावा महिना लागला आणि नेत्रतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "आता प्रोबिंग करून टाकू, म्हणजे सळई घालून बंद नळी मोकळी करू. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. फक्त पूर्ण भूल द्यावी लागेल." त्यातलं 'दहा-पंधरा मिनिटांचं काम' माझ्या कानात शिरलंच नाही. रिक्षा सोलापुरातल्या सात रस्ता चौकातून घराकडे वळेपर्यंत 'पूर्ण भूल' एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुढच्या चार महिन्यांत आमचं ऑपरेशन एकदा ठरून रद्द झालं आणि दुसऱ्यांदा पार पडलं. त्या काळात मी जे विचारलं, जे विचारायचं राहिलं आणि जे उशिरा कळलं, ते ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने इथे मांडते. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचा डोळा ज्यांनी प्रत्यक्ष तपासला त्यांचा शब्द माझ्या लिहिण्याच्या वर. पण त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्यावर तोंड उघडता यावं, एवढी तयारी या लेखाने व्हावी.

पहिलं काम: दुखणं नळीचंच आहे ना?

डोळ्यातलं पाणी वाहून जायला आतल्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर, एकेक बारीक छिद्र असतं. तिथून पाणी नाकाच्या बाजूच्या छोट्या पिशवीत जातं आणि पिशवीतून एका नळीने नाकात उतरतं. म्हणून तर रडलं की नाक वाहतं. ही नळी नाकात जिथे उघडते तिथे काही बाळांत जन्मताना एक पातळ पडदा शिल्लक राहतो. वाट बंद, पाणी पिशवीत साचतं, साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि चिपडं येतात. मोठ्या माणसांत याच पिशवीला सूज आली की आपल्याकडे 'लासरू' म्हणतात. आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, तो शब्द काढला तेव्हा मला आधी वाटलं त्या कुठल्या झाडाबद्दल बोलतायत.

नुसती नळी बंद असेल तर डोळ्याचा पांढरा भाग पांढराच दिसतो. बाळ उजेडाकडे मजेत बघतं. कोपऱ्यात हलकं दाबलं तर छिद्रातून पाणी किंवा पू वर येतो. डॉक्टर डोळ्यात पिवळ्या-केशरी रंगाचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबतात. रंग डोळ्यातच रेंगाळला तर नळी बंद. या तपासणीला सुई नाही, भूल नाही, आणि ती करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता ज्यात थांबायचंच नाही ते. बाळ उजेडात डोळे घट्ट मिटून घेतं, डोळ्याचं बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं किंवा धुरकट दिसतं, आणि पाणी येतं: हा जन्मजात काचबिंदू असू शकतो, त्यात नजर जाते. लोक "किती टपोरे डोळे" म्हणून कौतुक करत बसतात. कोपरा लाल होऊन सुजला, हात लावू देत नाही, ताप आहे: पिशवीत पू झाला आहे, त्याच दिवशी दवाखाना. जन्मल्या जन्मल्या कोपऱ्यात निळसर फुगवटा दिसत असेल आणि बाळाला नाकाने श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याच घडीला. पहिल्या महिन्यात डोळा लाल होऊन भरपूर पू येत असेल तर तेही वेगळं प्रकरण आहे, नळीच्या नावावर खपवू नका.

मसाज झाला का, की नुसता कोपरा चोळला?

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आमचं सगळ्यात जास्त इथेच चुकलं होतं.

क्रिग्लर नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९२३ साली या मसाजबद्दल लिहिलं आणि आजही उपचार तिथूनच सुरू होतो. तत्त्व साधं आहे. पिशवीवर बोट दाबून वरची वाट बंद करायची आणि बोट खाली ओढायचं. आतलं पाणी नळीत खाली ढकललं जातं आणि त्या दाबाने तळाचा पडदा फुटतो. म्हणजे दाब खाली जायला हवा. आम्ही वर्षभर काय करत होतो? अंगठ्याने डोळ्याच्या कोपऱ्यात गोल गोल, हळुवार, जावळावरून हात फिरवावा तसं. एका डॉक्टरांनी तोंडी "मसाज करा" एवढं सांगितलं होतं आणि आम्ही मान हलवली होती. कोणी करून दाखवलं नाही, आणि आम्हीही दाखवा म्हटलं नाही.

बरोबर रीत अशी. नख मुळापासून कापलेलं, हात साबणाने धुतलेला. (आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत आहे. हात धुवायचा तांब्या तरी वेगळा भरून ठेवा.) करंगळी किंवा तर्जनीचं टोक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडाला टेकवायचं. डोळ्यावर नाही, हाडावर. बोटाचं टोक किंचित पांढरं पडेल इतपत दाबायचं आणि दाब न सोडता नाकाच्या बाजूने खाली ओढायचं. असं पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. दूध पाजताना केलं तर लेकरू फार झटापट करत नाही. आधी चिपडं उकळून कोमट केलेल्या पाण्याच्या कापसाने पुसून घ्यायची, आतून बाहेर, प्रत्येक वेळी नवा कापूस. कोपरा लाल आणि दुखरा असेल त्या दिवशी मसाज बंद.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना म्हणा, "तुम्ही एकदा करून दाखवा, मग मी करते, तुम्ही बघा." अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटाने कदाचित ऑपरेशन टळेल.

थेंबांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अँटिबायोटिकच्या थेंबांनी पू कमी होतो, नळी उघडत नाही. थेंब बंद केले की चिपडं परत, म्हणून औषध "लागू पडलं नाही" असं समजून दुकानातून दुसरं आणू नका. घरात उरलेली बाटली तर मुळीच नको. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्यातला दाब वाढून वेगळंच दुखणं मागे लागतं. काजळ, अंगावरचं दूध, एरंडेल, गुलाबपाणी, मध: सगळं बंद. काजळावरून आमच्याकडे आठ दिवस धुसफूस झाली. शेवटी तीट कानामागे लावायची यावर तह झाला.

किती थांबायचं

अशी नळी बंद असलेल्या दहा बाळांपैकी साधारण नऊ बाळांची पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप उघडते. अमेरिकेत सहा ते दहा महिन्यांच्या बाळांवर झालेल्या एका पाहणीत नुसतं मसाज आणि थेंबांवर ठेवलेल्या डोळ्यांपैकी सुमारे ६६ टक्के डोळे पुढच्या सहा महिन्यांत बरे झाले. म्हणजे आठ महिन्यांच्या बाळाला कोणी घाईने पूर्ण भूल द्यायला निघालं असेल, तर "अजून थांबलं तर काय बिघडेल?" हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

काही ठिकाणी सहा ते दहा महिन्यांच्या वयात पूर्ण भूल न देता, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, बाळाला कापडात घट्ट गुंडाळून सळई घालतात. चादरीत गुंडाळण्यात आपण सोलापूरकर कोणाला हार जाणार नाही, पण ते रडणं दाराबाहेरून ऐकायला काळीज लागतं. त्या वयात हा मार्ग चुकीचा नाही. फक्त ज्या बाळांची नळी आपणहून उघडणार होती त्यांनाही सळई लागते, हा त्यातला तोटा. वर्ष ओलांडलेलं, हातपाय झाडणारं पोर असं स्थिर धरता येत नाही. म्हणून मग पूर्ण भूल.

वर्षानंतरही काही मुलांची नळी उघडते, पण वेग मंदावतो. सहसा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान डॉक्टर प्रोबिंग सुचवतात. त्यात महिना-दोन महिने इकडे तिकडे झाल्याने आभाळ कोसळत नाही. सर्दीमुळे तारीख पुढे गेली म्हणून मी रडले होते, ते फुकट. मात्र तीन-चार वर्षांपर्यंत ओढत नेऊ नका. मोठ्या मुलांत अडथळा बऱ्याचदा नुसत्या पडद्याचा राहत नाही आणि साध्या सळईने काम होईलच याची खात्री कमी होते. अधूनमधून पू होऊन ताप येत असेल तर वयाचा हिशोब बाजूला ठेवून लवकर करावं लागतं.

माझा आडाखा असा: वय वर्षाच्या आत, डोळा पांढरा, नुसतं पाणी असेल तर नीट मसाज आणि धीर. वर्ष झालं, दोन-तीन महिने खराखुरा मसाज झाला, तरी रोज सकाळी पापण्या चिकटतात, तर तारीख घ्या.

करतात काय नेमकं

पापणीच्या छिद्रातून बारीक, गुळगुळीत धातूची सळई आत घालून, पिशवीतून नळीत उतरवून तळाचा पडदा मोकळा करतात. मग पिचकारीने रंगीत पाणी सोडून ते नाकात उतरतं का बघतात. चिरा नाही, टाका नाही, पट्टी नाही. दहातल्या साधारण आठ मुलांचं एवढ्याने भागतं. नळी फारच अरुंद निघाली तर सिलिकॉनची बारीक ट्यूब काही आठवडे ते काही महिने ठेवतात. "आत गेल्यावर ट्यूब लागेलसं वाटलं तर त्याच भुलेत घालणार का, आणि त्याचा खर्च किती?" हे आधीच विचारून संमतिपत्रात लिहून घ्या. नाहीतर ऑपरेशन चालू असताना कोणीतरी बाहेर येऊन उभ्याउभ्या सही मागतं, आणि त्या वेळी आपली बुद्धी ठिकाणावर नसते.

भूल

खरी भीती सळईची नसते, हिची असते. मी तीन रात्री मोबाइलवर वाचत बसले आणि जितकं वाचलं तितकी घाबरले. नंतर भूलतज्ज्ञांशी वीस मिनिटं बोलले, तेव्हा कुठे शांत झोप लागली. म्हणून पहिला सल्ला: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही, त्याच्याही आधी भूलतज्ज्ञांची भेट मागा. नेत्रतज्ज्ञ डोळ्याचं सांगतात. लेकराचा श्वास ज्यांच्या हातात असणार त्यांना तोंडओळख असायलाच हवी.

मेंदूवर परिणाम होतो का, हा प्रत्येक आईबापाचा पहिला प्रश्न. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता. तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांबलेली किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल याबद्दल होता. त्याआधीपासून सात देशांतल्या २८ रुग्णालयांत एक मोठा अभ्यास चालू होता. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या तान्ह्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी पाठीतून सुन्न करणारं इंजेक्शन. पाचव्या वर्षी दोन्ही गटांची बुद्धी तपासली तर फरक नव्हता. २०१९ साली तो निकाल छापून आला. त्या बाळांची भूल तासाभराच्या आतली होती, आणि प्रोबिंगची भूल त्याहूनही थोडी. हे समजल्यावर माझा मेंदूचा प्रश्न मिटला. उरला तो त्या दिवसाच्या श्वासाचा.

निरोगी मुलांत भुलेचे गंभीर प्रकार क्वचित होतात. होतात तेव्हा ते बहुधा श्वासाचे असतात: घसा आवळून हवा अडणं, ऑक्सिजन उतरणं. भूलतज्ज्ञ यासाठीच तिथे असतात आणि बहुतेक वेळा ते तिथल्या तिथे सावरतात. हा धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र आपल्या घरातल्या असतात. चालू किंवा नुकती झालेली सर्दी. दमा, छातीत घरघर. झोपेत जोराने घोरणं. अपुऱ्या दिवसांचा जन्म. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर तेही. आमच्या मामंजींनी गॅलरीतली विडी जिन्याखाली नेली, त्यावर समाधान मानलं.

भूलतज्ज्ञांना मी विचारलेले प्रश्न: दोन वर्षांखालच्या मुलांना तुम्ही नेहमी भूल देता का? ऑपरेशनभर तुम्ही स्वतः टेबलाजवळ असणार ना? नाकातून उतरणारं पाणी घशात जाऊन श्वासनलिकेत शिरू नये म्हणून काय करता? (कोणी श्वासनलिकेत ट्यूब घालतात, कोणी घशाशी बसणारा मास्क वापरून नाकातलं पाणी ओढून घेतात. उत्तर कोणतंही असो, चटकन आणि सहज आलं पाहिजे.) लहान मुलांच्या मापाची सगळी साधनं आहेत का? काही बिघडलं तर मुलांचा अतिदक्षता विभाग इथेच आहे, की हलवावं लागेल, आणि कुठे? पहिल्या प्रश्नावर एके ठिकाणी मला "तुम्ही एवढा विचार करू नका" असं हसून उत्तर मिळालं. मी तिथून फाइल उचलून आले. हसण्याचा राग नव्हता, उत्तर मिळालं नाही याचा होता.

तुम्हीही न विचारता सांगायच्या गोष्टी आहेत: वजन, ॲलर्जी, चालू औषधं, गावठी गुटी किंवा काढा देत असाल तर तो, आणि नात्यात कोणाला भुलेत भलताच ताप चढला, शुद्ध यायला फार वेळ लागला किंवा जीव गेला असेल तर ते. हे शेवटचं घरात कोणी बोलत नाही. मुद्दाम दोन्हीकडच्या थोरल्यांना विचारा. आधी साधी रक्ततपासणी करतात. हिमोग्लोबिन फार कमी निघालं तर लोहाचं औषध देऊन तारीख पुढे ढकलतात, तेव्हा तपासणी आठ-पंधरा दिवस आधीच करून घेतलेली बरी.

सोलापुरात कुठे

खासगी नेत्र रुग्णालयं गावात पुष्कळ आहेत, पण त्यातली बरीचशी मोतीबिंदूवर चालतात. तिथे जागेपणी ऑपरेशन होतात, पूर्ण भुलेची घडी रोजची नसते. म्हणून "डोळ्याचा मोठा डॉक्टर" शोधण्यापेक्षा लहान मुलांच्या अश्रूनलिकेचं काम नेहमी करणारे हात आणि लहान मुलांना भूल देणारे हात, दोन्ही एका छताखाली कुठे आहेत ते शोधा. आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारणं हा सगळ्यात सरळ रस्ता. कधी नेत्रतज्ज्ञ प्रोबिंग मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयात नेऊन करतात. त्याने बिल थोडं वाढतं, पण माझ्या मते ते पैसे सत्कारणी लागतात.

सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. नेत्र, बालरोग आणि भूल हे तिन्ही विभाग एकाच आवारात. रांग लागते, हेलपाटे पडतात, पण पैशाचं ओझं हलकं होतं. केस पेपर सकाळी लवकर काढा, रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना विचारा, आणि दाखल होण्याआधी विचारा. खासगी विमा असेल तर कंपनीकडून लेखी घ्या. 'जन्मजात दोष' किंवा 'चोवीस तास दाखल नव्हते' या दोन कारणांवरून दावे अडकतात. खासगीत अंदाजपत्रक मागताना सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, औषधं असं सुटं सुटं मागा.

पुण्याला नेऊ का? साध्या, पहिल्या प्रोबिंगसाठी अडीचशे किलोमीटर जायची गरज मला वाटली नाही. आधी एकदा करून फसलं असेल, छिद्रच जन्मजात नसेल, चेहऱ्याची किंवा हृदयाची दुसरी काही तक्रार असेल, तर जा.

तारीख ठरवताना

आमची पहिली तारीख संक्रांतीनंतरच्या आठवड्यात होती. शहाणपणा बघा: गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर लेकीला खांद्यावर बसवून दोन संध्याकाळी धूळ खाल्ली आणि ऑपरेशनच्या सकाळी तिचं नाक वाहत होतं. भूलतज्ज्ञांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि सरळ परत पाठवलं. सगळे नातेवाईक जमलेले, रजा टाकलेली, तरी त्यांनी पाठवलं, म्हणून त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला. साध्या सर्दीनंतर निदान दोन आठवडे, खोकला-ताप-घरघर झाली असेल तर चार ते सहा आठवडे थांबवतात. सर्दी लपवू नका. तारखेच्या आधी पंधरा दिवस लग्नं, जत्रा, पाळणाघर शक्य तेवढं टाळा. सोळाव्या महिन्यानंतरच्या लशी याच सुमाराला येतात. लस आणि ऑपरेशन एकाच आठवड्यात धरू नका, नाहीतर ताप लशीचा की सर्दीचा हे कोणालाच कळत नाही.

आणि एप्रिल-मे असेल तर सकाळची पहिली पाळी मागूनच घ्या. बेचाळीस डिग्रीत उपाशी लेकरू दुपारपर्यंत धरून बसणं म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडून येणाऱ्यांनी आदल्या रात्री गावात मुक्कामाला यावं.

उपाशी ठेवायची रात्र

पोटात काही असलं तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून हा नियम, आणि यात दया दाखवायची नाही. सर्वसाधारण हिशोब: गाय-म्हशीचं किंवा पावडरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट आठ तास, अंगावरचं दूध चार तास, स्वच्छ पाणी दोन तास. भूलतज्ज्ञांनी दिलेल्या वेळा वेगळ्या असतील तर त्याच खऱ्या. एक मात्र करा: "रात्री बारानंतर काही नाही" एवढंच सांगितलं तर "पाणी कधीपर्यंत चालेल?" हे विचारा. उगाच आठ तास पाण्याविना ठेवायची गरज नसते.

त्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा आणि घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. आमच्या शेजारच्या कॉटवरच्या पोराला त्याच्या आजीने मायेपोटी अर्धं बिस्किट दिलं होतं. ते कबूल केलं म्हणून पाळी गेली. कबूल केलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको. आमच्या आत्या रात्रभर म्हणत होत्या, "अगं, घोटभर दूध दे की, लेकरू किती तळमळतंय." मी पहाटे चारला अंगावर पाजलं, सहाला वाटीने पाणी दिलं आणि मग तिला यांच्याकडे देऊन बाहेरच्या खोलीत बसले, कारण माझा वास आला की ती दुधासाठी रडते. पाळी साडेआठची होती.

त्या सकाळी

आंघोळ घालून पुढून उघडणारा सैल झबला. काजळ, तेल, पावडर नाही. मनगट्या, वाळे, कमरेची साखळी, काळा दोरा घरीच काढा. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, नखं मोकळी हवीत. आवडतं खेळणं किंवा ती ज्याला बिलगून झोपते तो फडका बरोबर घ्या. कोणता डोळा ते संमतिपत्रात वाचा आणि नर्सला तोंडीही सांगा.

लहान मुलांना बहुधा मास्कमधून वायू हुंगवून झोपवतात, सुई नंतर टोचतात. काही ठिकाणी झोप लागेपर्यंत आईला किंवा वडिलांना आत थांबू देतात. विचारा, पण मन घट्ट असेल तरच जा. लेकरू हातपाय झाडतं, डोळे फिरवतं, मग एकदम सैल पडतं. हे अपेक्षित असतं, तरी बघवत नाही. आमच्याकडे हे गेले. बाहेर येऊन गप्प उभे राहिले, मग चहा प्यायला म्हणून जे गेले ते ऑपरेशन संपल्यावरच आले.

शुद्धीवर येताना मूल खूप रडू शकतं, ओळख नसल्यासारखं वागतं, ढकलून देतं. ही उतरत्या भुलेची चिडचिड असते. साधारण अर्ध्या तासात निवळते. दुखतंय म्हणून रडतंय असंच नसतं. पूर्ण जागं झालं की आधी पाणी किंवा अंगावरचं दूध, थोडं थोडं. काही तास बघून त्याच दिवशी सोडतात.

घरी मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. गाडी किंवा रिक्षा, आणि एकाचं लक्ष फक्त तिच्या मानेकडे आणि श्वासाकडे. गाव लांब असेल तर पहिली रात्र सोलापुरातच काढा.

नंतर

एक-दोन दिवस नाकातून किंवा डोळ्यातून गुलाबी पाणी, हिरवट-पिवळा शेंबूड येतो. तो रंगाचा असतो. थेंब सांगितले तितके दिवस, मसाज सांगितला असेल तर तोही. न थांबणारं रक्त, परत परत उलटी, ताप, कोपऱ्याला सूज, जास्तच सुस्ती किंवा श्वासाला त्रास असेल तर रात्र असो, फोन करा. तो नंबर सुट्टीच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय निघू नका. ट्यूब घातली असेल आणि तिचा फासा कोपऱ्यातून बाहेर आला तर ओढू नका, कापू नका. गालाला चिकटपट्टीने चिकटवा आणि डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्याच दिवशी डोळा कोरडा झाला नाही म्हणून फसलं असं धरू नका. आतली सूज उतरायला वेळ लागतो. खरा निकाल महिना ते तीन महिन्यांनी ठरतो. तेव्हाही रोज गळत असेल तर पुन्हा प्रोबिंग, ट्यूब किंवा फुग्याने नळी रुंदावणं असे मार्ग असतात. दुसऱ्या भुलेचा प्रश्न आला की वरचे सगळे प्रश्न पुन्हा, त्याच क्रमाने.

आमच्या लेकीच्या पापण्या अकराव्या दिवशी सकाळी पहिल्यांदा चिकटल्या नाहीत. कापूस भिजवून तयार होता, तो तसाच वाटीत राहिला. थंडीत सर्दी झाली की डावा डोळा अजून थोडा पाणावतो. नाक आतून सुजलं की नळीचं तोंडही दबतं, सर्दी गेली की जातं, असं मॅडमनी सांगितलंय. आत्या त्या दिवसांत तीट जरा मोठी लावतात. कानामागेच.